व्हीएस-३०० : हेलिकॉप्टरचे रूप ठरविणारे एकआसनी यंत्र

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न या गावी हेन्री फोर्ड यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तेथे मोटारी आणि वाफेच्या इंजिनांच्या सोबतीला एक उघडाबोडका सांगाडा जपून ठेवलेला आहे. पोलादी नळ्या जोडून केलेली चौकट, पुढच्या बाजूस एकच आसन, आसनामागे इंजिन, डोक्यावर तीन पात्यांचा मोठा पंखा आणि शेपटीच्या टोकाला उभा बसविलेला एक लहान पंखा, असे त्याचे रूप आहे. या यंत्राचे नाव 'व्हीएस-३००' आणि त्याचे कर्ते इगॉर सिकोर्स्की.

हे जगातील पहिले हेलिकॉप्टर आहे, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते खरे नाही. व्हीएस-३०० जमिनीवरून उचलले गेले त्याच्या तीन वर्षे आधी जर्मनीत एका हेलिकॉप्टरने यशस्वी उड्डाणे केली होती, आणि त्याच्याही आधी फ्रान्समध्ये अनेक यंत्रे थोडीबहुत हवेत तरंगली होती. मग या एकआसनी यंत्राचे महत्त्व कशात आहे? आज हेलिकॉप्टर म्हटले की डोक्यावर एक मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. हे चित्र पक्के झाले ते व्हीएस-३०० वरील सव्वादोन वर्षांच्या चाचण्यांत. तो मार्गही सरळ नव्हता. सिकोर्स्की यांनी आपली मूळ कल्पना मध्येच बाजूला ठेवली, दुसऱ्या वाटेने यंत्र हवेत टिकविले, आणि पुरेसा अनुभव हाती आल्यावर ते पुन्हा मूळ कल्पनेकडे वळले. त्या माघारीचा आणि पुनरागमनाचा हा इतिहास आहे.

हेलिकॉप्टरपुढील अडचणी

विमानाच्या पंखांवरून हवा वाहू लागली की वर उचलणारा जोर निर्माण होतो, आणि त्यासाठी विमानाला धावपट्टीवर वेग घ्यावा लागतो. हेलिकॉप्टरमध्ये पंखच गोल फिरविले जातात. त्यामुळे यंत्र जागच्या जागी उभे राहूनही तो जोर मिळवू शकते. कल्पना सोपी आहे, परंतु ती प्रत्यक्षात आणताना तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण शक्तीची. सरळ वर उचलण्यासाठी वजनाच्या मानाने पुष्कळ शक्ती लागते. विसाव्या शतकाच्या प्रारंभीची इंजिने जड आणि दुबळी होती.

दुसरी अडचण प्रतिक्रियेची. इंजिन पंख्याला एका दिशेने फिरविते, तेव्हा पंखाही यंत्राच्या धडाला उलट दिशेने फिरवू पाहतो. याला आवर घातला नाही, तर वैमानिकासह सगळे यंत्रच गरगर फिरू लागेल. यावर अनेकांनी काढलेला तोडगा असा की, विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे बसवावेत, म्हणजे दोघांची प्रतिक्रिया परस्परांत विरून जाते. हे पंखे एकावर एक, शेजारीशेजारी किंवा मागेपुढे असे कसेही बसविता येतात.

तिसरी अडचण नियंत्रणाची, आणि ती सर्वांत अवघड ठरली. हवेत उचललेले यंत्र समतोल कसे ठेवायचे, पुढे किंवा बाजूला कसे न्यायचे, आणि वाऱ्याचा झोत आला तर ते सावरायचे कसे? त्यातच, यंत्र पुढे जाऊ लागले की पुढच्या दिशेने येणाऱ्या पात्याला हवेचा वेग अधिक मिळतो आणि मागे जाणाऱ्या पात्याला कमी. त्यामुळे एका बाजूला जोर वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो, आणि यंत्र कलंडू पाहते.

फ्रान्समध्ये १९०७ साली लुई ब्रेगे यांच्या यंत्राने जमीन सोडली, परंतु ते स्थिर ठेवण्यासाठी चार माणसांना खालून धरावे लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॉल कॉर्न्यू यांचे दोन पंख्यांचे यंत्र स्वतः वैमानिकाला घेऊन क्षणभर उचलले गेले, तथापि त्याला दिशा देणे जमले नाही. पात्यांवरील असमान जोराचे कोडे सोडविले ते स्पेनच्या हुआन दे ला सिएर्व्हा यांनी. त्यांनी आपल्या 'ऑटोजायरो'ची पाती बिजागरीने जोडली. पाते आपोआप किंचित वरखाली होई आणि जोराचा असमतोल निघून जाई. १९२३ साली हे यंत्र यशस्वीपणे उडाले. मात्र ऑटोजायरोला पुढे खेचण्यासाठी विमानासारखाच वेगळा पंखा असे आणि डोक्यावरचा पंखा वाऱ्याने फिरत असे. त्यामुळे ते हवेत एका जागी थांबू शकत नव्हते.

या सर्व प्रयत्नांचे फळ १९३६ साली जर्मनीत दिसले. प्राध्यापक हाइन्रिख फोके यांचे 'एफडब्ल्यू-६१' हेही एकआसनी यंत्र होते. त्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या आधारांवर एकेक मोठा पंखा होता. २६ जून १९३६ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. पुढच्याच वर्षी ते सलग १ तास २० मिनिटे ४९ सेकंद हवेत राहिले. फेब्रुवारी १९३८ मध्ये हाना राइच या महिला वैमानिकाने बर्लिनच्या बंदिस्त सभागृहात, प्रेक्षकांच्या समोर, ते उडवून दाखविले. हेलिकॉप्टर शक्य आहे की नाही, हा प्रश्न तेथेच संपला. कोणत्या रूपातील हेलिकॉप्टर सुटसुटीत आणि उपयोगी ठरेल, हा प्रश्न मात्र शिल्लक होता.

कीव्ह ते कनेटिकट

इगॉर सिकोर्स्की यांचा जन्म २५ मे १८८९ रोजी कीव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. वडील मानसशास्त्राचे नामवंत प्राध्यापक होते. आईकडून त्यांना लहानपणी लिओनार्दो दा व्हिंचीच्या उडत्या यंत्रांची माहिती मिळाली, आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांनी त्या माहितीत रंग भरला. रबराच्या पिळावर उडणारे खेळण्यातले हेलिकॉप्टर त्यांनी शाळकरी वयातच तयार केले होते.

१९०९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते पॅरिसला गेले आणि २५ अश्वशक्तीचे अंझानी इंजिन घेऊन कीव्हला परतले. त्या इंजिनावर त्यांनी एकावर एक दोन पंखे असलेले हेलिकॉप्टर बांधले. ते जमिनीवरून हललेही नाही. १९१० साली बांधलेले दुसरे यंत्र स्वतःचे वजन कसेबसे उचलू शकले, माणसाचे नाही. या दोन अपयशांवरून त्यांनी निष्कर्ष काढला की, इंजिने, साहित्य आणि हवेच्या वर्तनाविषयीचे ज्ञान या तिन्ही गोष्टी अजून अपुऱ्या आहेत. त्यांनी हेलिकॉप्टरचा नाद सोडला नाही, तो पुढे ढकलला.

विमानांच्या क्षेत्रात त्यांनी लौकरच नाव मिळविले. १९१३ साली त्यांनी बांधलेले चार इंजिनांचे विमान हे त्या प्रकारचे जगातील पहिले यशस्वी विमान मानले जाते. त्यातूनच 'इल्या मुरोमेत्स' ही पहिल्या महायुद्धातील प्रचंड बॉम्बफेकी विमाने निघाली. रशियात क्रांती झाल्यावर मात्र सर्व काही मागे टाकून त्यांना देश सोडावा लागला. १९१९ साली ते न्यूयॉर्कला उतरले. विमान कारखान्यांत काम मिळेना, म्हणून त्यांनी रशियन निर्वासितांना गणित शिकवून दिवस काढले. १९२३ साली देशबांधवांच्या मदतीने त्यांनी लाँग आयलंडवर एका कोंबड्यांच्या फार्मवर विमान बांधायला घेतले. प्रख्यात संगीतकार सर्गेई राखमानिनोव्ह यांनी पाच हजार डॉलरचे भाग घेऊन या धडपडीला हात दिला.

पुढे कंपनी कनेटिकट राज्यातील स्ट्रॅटफर्ड येथे गेली आणि 'युनायटेड एअरक्राफ्ट' या मोठ्या उद्योगसमूहाचा भाग झाली. पाण्यावर उतरणारी प्रवासी विमाने ही तिची खासियत होती. पॅन अमेरिकन कंपनीच्या सागरी मार्गांवर ती उडत असत. हे काम चालू असतानाही सिकोर्स्की हेलिकॉप्टरचे आराखडे काढीत राहिले. १९३१ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, तो १९३५ साली मंजूर झाला. त्या आराखड्यात डोक्यावर एकच मोठा पंखा होता आणि प्रतिक्रियेला आवर घालण्यासाठी शेपटीवर एक लहान उभा पंखा.

ही कल्पना सर्वस्वी नवी होती असे नव्हे. रशियात बोरिस युरिएव्ह यांनी १९१२ च्या सुमारास तशी मांडणी केली होती. १९२० च्या दशकात हॉलंडमध्ये फॉन बाउमहाउअर यांनी तसे यंत्रही बांधले होते, परंतु त्यांच्या शेपटीच्या पंख्याला स्वतंत्र इंजिन असल्याने दोहोंचा मेळ बसणे अवघड गेले. सिकोर्स्की यांनी दोन्ही पंखे एकाच इंजिनावर चालवायचे ठरविले. या मांडणीचा लाभ उघड होता. दोन अवजड पंख्यांऐवजी एकच मोठा पंखा, एकच मुख्य दंड आणि आटोपशीर धड. तोटाही उघड होता. शेपटीचा पंखा शक्ती खातो आणि उचलण्याच्या कामी काहीच येत नाही. जर्मन यश दोन पंख्यांचे होते. तरीही सिकोर्स्की एका पंख्यावर ठाम राहिले.

बंद पडणारा कारखाना आणि एक मागणी

१९३८ साली सागरी विमानांची मागणी ओसरली. मोठ्या मागण्या प्रतिस्पर्ध्यांकडे गेल्या. युनायटेड एअरक्राफ्टच्या संचालकांनी सिकोर्स्की विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. सिकोर्स्की तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते. आयुष्यात दुसऱ्यांदा त्यांच्या हातून कारखाना जात होता. संचालकांपुढे त्यांनी एवढीच मागणी केली की, आपल्या जवळच्या अभियंत्यांचा गट एकत्र ठेवू द्यावा आणि हेलिकॉप्टरच्या संशोधनासाठी माफक पैसे द्यावेत. मागणी मान्य झाली. विभाग 'व्हॉट' या भगिनी कंपनीत विलीन करण्यात आला, आणि नव्या यंत्राच्या नावात 'व्हॉट-सिकोर्स्की'ची आद्याक्षरे आली.

गटातील अनेक जण सिकोर्स्की यांच्यासारखेच रशियातून आलेले होते. मायकेल ग्लुहारेफ हे त्यांचे जुने सहकारी त्यांतील प्रमुख. १९३९ च्या पूर्वार्धात आराखडे झाले आणि उन्हाळ्यात बांधणी झाली. ७५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे लायकमिंग इंजिन, २८ फूट म्हणजे सुमारे साडेआठ मीटर व्यासाचा तीन पात्यांचा पंखा, आणि एकाच माणसाला बसण्याची जागा. आसन एकच असण्यामागे काटकसर होती, तसेच सावधगिरीही होती. अशा यंत्रात दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नव्हते. चाचण्या घेण्यासाठी सिकोर्स्की स्वतः त्या आसनावर बसले. हेलिकॉप्टर उडविण्याचे शिक्षण देणारे तेव्हा कोणी नव्हतेच. यंत्र घडत होते आणि वैमानिकही त्याच्याबरोबर घडत होता.

१४ सप्टेंबर १९३९

युरोपात दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. स्ट्रॅटफर्डच्या कारखान्याच्या आवारात, अंगात ओव्हरकोट आणि डोक्यावर नेहमीची फेल्ट हॅट अशा वेषात सिकोर्स्की यंत्रात बसले. यंत्र दोरखंडांनी बांधलेले होते, म्हणजे ते फार वर जाऊ नये आणि उलटू नये. चाके जमिनीवरून काही इंच उचलली गेली आणि काही सेकंदांनी पुन्हा टेकली. व्हीएस-३०० चे पहिले उड्डाण ते एवढेच.

त्यानंतरच्या आठवड्यांत उड्या थोड्या लांबल्या, पण यंत्र फार थरथरे आणि वैमानिकाचे ऐकत नसे. या पहिल्या रूपात सगळे नियंत्रण मुख्य पंख्याकडेच होते. त्याची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण पुढील सर्व इतिहास तिच्याभोवती फिरतो. प्रत्येक पात्याचा हवेशी होणारा कोन बदलता येतो. सर्व पात्यांचा कोन एकदम वाढविला, तर जोर वाढून यंत्र वर जाते. कमी केला, तर खाली येते. परंतु पाते एका फेरीत ठराविक ठिकाणी आले असता तेवढ्यापुरताच कोन वाढवायचा आणि समोरच्या ठिकाणी कमी करायचा, अशी योजना केली, तर पंख्याचे संपूर्ण चक्र एका बाजूला झुकते आणि यंत्र त्या बाजूला जाऊ लागते. याला चक्रीय नियंत्रण म्हणतात.

यात एक गोम आहे. फिरणाऱ्या वस्तूच्या स्वभावानुसार, पात्याला दिलेल्या धक्क्याचा परिणाम तेथल्या तेथे दिसत नाही, सुमारे पाव फेरी पुढे गेल्यावर दिसतो. म्हणजे यंत्र पुढे झुकवायचे असेल, तर पात्याचा कोन बाजूला असतानाच बदलला पाहिजे. हा हिशेब कागदावर मांडणे एक गोष्ट, आणि थरथरणाऱ्या, वाऱ्याने हेलकावणाऱ्या यंत्रात तो नेमका साधणे दुसरी. डिसेंबर १९३९ मध्ये वाऱ्याच्या झोताने यंत्र उलटले आणि त्याची मोठी नासधूस झाली. वैमानिक बचावला, पण पहिल्या रूपाची कहाणी तेथे संपली.

माघार

मोडलेले यंत्र पुन्हा उभारताना सिकोर्स्की यांनी मोठा निर्णय घेतला. मुख्य पंख्यावरील चक्रीय नियंत्रण त्यांनी काढून टाकले. मुख्य पंख्याने फक्त वर उचलण्याचे काम करावे, असे ठरले. समतोल आणि दिशा यांसाठी शेपटीकडे तीन लहान पंखे आले. एक पूर्वीचाच उभा, आणि दोन आडवे, दोन्ही बाजूंना पुढे काढलेल्या आधारांवर. दोन्ही आडव्या पंख्यांचा जोर एकदम वाढविला, की शेपटी वर उचलली जाऊन नाक खाली जाई. एकाचा वाढविला आणि दुसऱ्याचा घटविला, की यंत्र बाजूला कलत असे.

दिसायला हे रूप बोजड होते. ज्या सुटसुटीतपणासाठी एक पंखा निवडला होता, तोच आता नाहीसा झाला होता. पण या रचनेचा एक गुण असा की, तिचे वर्तन समजण्यासारखे होते. कोणत्या पंख्याने काय झाले, हे वैमानिकाला लगेच कळत असे. दोरखंड सोडून १३ मे १९४० रोजी व्हीएस-३०० ने पहिले मुक्त उड्डाण केले. त्या उन्हाळ्यात ९० अश्वशक्तीचे फ्रँकलिन इंजिन बसविण्यात आले आणि उड्डाणे मिनिटांमागून मिनिटांनी वाढू लागली.

तरीही एक चमत्कारिक वैगुण्य राहिले होते. यंत्र वर जाई, खाली येई, एका जागी थांबे, बाजूला आणि मागेही जाई, परंतु सरळ पुढे जाताना ते बिथरत असे. पाहुण्यांना दाखविलेल्या एका चित्रपटात हे कोणाच्या तरी लक्षात आले. यंत्र पुढे का जात नाही, असे विचारल्यावर, तो एक किरकोळ तांत्रिक प्रश्न असून अद्याप सुटायचा आहे, अशा अर्थाचे उत्तर सिकोर्स्की यांनी गंभीर चेहऱ्याने दिल्याची आख्यायिका विमानविद्येच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

प्रश्न किरकोळ नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते. मुख्य पंखा हवेचा मोठा लोट खाली ढकलतो. यंत्र एका जागी असताना तो लोट सरळ खाली जातो. यंत्र पुढे निघाले की तो मागे वळतो आणि नेमका शेपटीच्या आडव्या पंख्यांवर येतो. खळबळलेल्या हवेत सापडलेले हे पंखे मग भरवशाचा जोर देऊ शकत नसत. ज्या पंख्यांनी यंत्राला समतोल मिळवून दिला, तेच आता त्याच्या वेगाला आडवे आले.

विक्रम आणि सुधारणा

येथून पुढे सिकोर्स्की यांची कार्यपद्धती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एकाच वेळी सर्व काही बदलण्याऐवजी ते एक बदल करीत, उडून पाहत आणि मग दुसरा करीत. यंत्र तेच, परंतु त्याची शेपटी, आधार, इंजिन आणि चाके महिन्यामहिन्याला बदलत गेली. या काळातील व्हीएस-३०० ची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर ती निरनिराळ्या यंत्रांची वाटतात.

तीन पंख्यांच्या रूपात या यंत्राने नावही मिळविले. १५ एप्रिल १९४१ रोजी ते एक तासाहून अधिक काळ हवेत राहिले. दोनच दिवसांनी चाकांच्या जागी हवा भरलेले तरंगे लावून ते पाण्यावरून उडाले आणि पुन्हा पाण्यावर उतरले. ६ मे १९४१ रोजी सिकोर्स्की यांनी ते सलग १ तास ३२ मिनिटे २६ सेकंद हवेत ठेवले आणि एफडब्ल्यू-६१ चा जागतिक विक्रम मोडला.

एखादा दुसरा संशोधक येथे थांबला असता. यंत्र उडत होते, विक्रम हाती होता, आणि सैन्याचे लक्षही वेधले गेले होते. सिकोर्स्की मात्र तीन पंख्यांच्या शेपटीला तात्पुरती सोय समजत होते. जून १९४१ मध्ये त्यांनी दोन्ही बाजूंचे आडवे पंखे काढले. बाजूला कलण्याचे काम मुख्य पंख्याच्या चक्रीय नियंत्रणाकडे परत दिले, आणि नाक वरखाली करण्यासाठी शेपटीवर उंच खांबावर एकच आडवा पंखा ठेवला. म्हणजे चक्रीय नियंत्रण अर्धे परतले होते. दीड वर्षाच्या उड्डाणांनी वैमानिकाचा हात तयार झाला होता, थरथर कमी झाली होती, आणि पाती कशी वागतात याचे ज्ञान प्रत्यक्ष अनुभवातून आले होते.

उरलेला आडवा पंखाही त्या वर्षअखेर गेला. ८ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, व्हीएस-३०० एका मुख्य पंख्यावर आणि शेपटीच्या एका उभ्या पंख्यावर उडाले. सर्व नियंत्रण पुन्हा मुख्य पंख्याकडे आले होते. १९३१ च्या पेटंटमधील मांडणी दहा वर्षांनी, आणि डिसेंबर १९३९ च्या अपघातानंतर दोन वर्षांनी, खरी ठरली होती.

वारसा

अमेरिकन सैन्यात हेलिकॉप्टरच्या कामावर देखरेख करणारे फ्रँक ग्रेगरी हे अधिकारी १९४० पासूनच स्ट्रॅटफर्डला येत होते. त्यांनी व्हीएस-३०० स्वतः उडवूनही पाहिले होते. त्यांच्या पाठिंब्याने १९४१ च्या प्रारंभी सिकोर्स्की यांना सैन्यासाठी दोन आसनांचे हेलिकॉप्टर बांधण्याचे काम मिळाले. हे 'एक्सआर-४' यंत्र १४ जानेवारी १९४२ रोजी लेस मॉरिस या चाचणी वैमानिकाने उडविले. त्याची मांडणी पाच आठवड्यांपूर्वी व्हीएस-३०० वर सिद्ध झालेलीच होती. लहान यंत्रावर केलेला प्रत्येक बदल मोठ्या यंत्राच्या आराखड्यात उतरत गेला होता. मे १९४२ मध्ये मॉरिस यांनी हे हेलिकॉप्टर टप्प्याटप्प्याने स्ट्रॅटफर्डहून ओहायो राज्यातील राइट फील्डपर्यंत नेले. अंतर ७६१ मैल, म्हणजे सुमारे १,२२५ किलोमीटर होते. तेथे स्वागताला आलेल्यांत ऑर्व्हिल राइट हेही होते.

या यंत्राच्या 'आर-४' मालिकेची सुमारे १३० हेलिकॉप्टरे बांधली गेली. ३ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्कजवळ अमेरिकेच्या 'टर्नर' या युद्धनौकेवर स्फोट झाला. खराब हवेमुळे विमाने उडू शकत नव्हती. तेव्हा तटरक्षक दलाच्या फ्रँक एरिक्सन यांनी अशाच एका हेलिकॉप्टरमधून जखमींसाठी रक्तद्रव पोहोचविला.

युद्धभूमीवरील पहिल्या हेलिकॉप्टर-सुटकेचा संबंध तर थेट भारताशी आहे. आसाममधील लालाघाट येथे अमेरिकेच्या पहिल्या एअर कमांडो गटाचा तळ होता. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात जपानी सैन्याच्या पिछाडीस एक लहान विमान कोसळले. त्यात एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक होते. विमान उतरण्याजोगी जागा जवळ नव्हती. लालाघाटहून लेफ्टनंट कार्टर हार्मन आपले आर-४ घेऊन निघाले. उष्ण हवेत त्या दुबळ्या इंजिनाला एका वेळी एकाच माणसाला उचलणे शक्य होते. इंजिन तापून मध्ये थांबावेही लागले. तरी २५ आणि २६ एप्रिल या दोन दिवसांत त्यांनी चौघांनाही एकेक करून बाहेर काढले.

सिकोर्स्की कंपनीशी भारताचा संबंध पुढेही राहिला. भारतीय हवाई दलाचे पहिले हेलिकॉप्टर १९५४ साली आले ते 'एस-५५', सिकोर्स्की कंपनीचेच. कुलाब्याच्या नौदल तळावरून मुंबईकरांनी अनेक वर्षे उडताना पाहिलेली 'सी किंग' हेलिकॉप्टरे ब्रिटनमध्ये बांधलेली असली, तरी त्यांचा मूळ आराखडा सिकोर्स्कींच्या कारखान्यातला. 'चेतक' आणि 'ध्रुव' यांचा कंपनीशी संबंध नाही, तथापि एक मोठा पंखा आणि शेपटीला एक लहान पंखा ही त्यांची मांडणी तीच आहे. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलक्षेत्राकडे कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या 'डॉफिन'मध्ये शेपटीचा पंखा वर्तुळाकार चौकटीत झाकलेला असतो, पण त्याचे काम बदललेले नाही.

हीच मांडणी एकमेव योग्य आहे, असा याचा अर्थ नाही. भारतीय नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरांत एकावर एक दोन पंखे असतात, आणि हवाई दलाच्या 'चिनूक'मध्ये पुढे एक व मागे एक. जहाजावरील अपुरी जागा किंवा अवजड माल अशा विशेष गरजांसाठी या रचना सोयीच्या ठरतात. सर्वसाधारण कामासाठी मात्र जगभरातील बहुसंख्य हेलिकॉप्टरे व्हीएस-३०० च्या अखेरच्या रूपाचेच अनुकरण करतात.

ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हीएस-३०० डिअरबॉर्नच्या संग्रहालयाला देण्यात आले. तोवर त्याच्या उड्डाणांचा एकूण काळ शंभर तासांहून थोडासाच अधिक भरला होता. सिकोर्स्की यांचे निधन २६ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. तोपर्यंत हेलिकॉप्टरने पूर, भूकंप, समुद्र आणि युद्धभूमी यांतून असंख्य माणसांना बाहेर काढले होते. आपल्या यंत्राने वाचविलेल्या जिवांचा त्यांना सर्वाधिक अभिमान वाटत असे. संग्रहालयात आज जे रूप दिसते, ते शेवटचे आहे. शेपटीवरील तीन पंख्यांचे आधार तेथे नाहीत. परंतु त्या आधारांवर काढलेल्या दीड वर्षाशिवाय हे शेवटचे रूप हवेत टिकले नसते.